तोंडाळ नायिका

गणपतीला पाहून चंद्र हसला आणि शापाचा धनी झाला, ही कथा आम्ही प्रथम ऐकली ती आत्याबाईंच्या तोंडून. लिंबागणेश हे आमचे गाव गणपतीच्या नावाचे. तेथे ती सांगितली जावी यात नवल नाही. परंतु आत्याबाई कथेच्या शेवटी न चुकता विचारीत, की हसण्यात चंद्राचे एवढे काय चुकले? त्यावर घरातील वडीलधारी मंडळी "तोंड आवर" म्हणत. उभ्या जन्मात आत्याबाईंना सर्वांत अधिक वेळा ऐकावे लागलेले वाक्य तेच असावे.

हे सारे आठवण्यास निमित्त झाले एका जुन्या बोलपटाचे. 'ब्रह्मचारी' हा कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा १९३८ सालचा बोलपट. कथा अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. ब्रह्मचर्यावरील व्याख्यानाने पेटून औदुंबर भिंतीवरील नट्यांची चित्रे काढून टाकतो, एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो, आणि तेथे मीनाक्षीबाईंची किशोरी त्याच्या व्रताची धूळधाण उडविते. लोक अद्याप त्या चित्रातील पोहण्याच्या पोषाखाचीच आठवण काढतात. आम्हांस विचाराल तर खरे धाडस पोषाखात नाही. थट्टेचा पुढाकार स्त्रीकडे आहे आणि गोंधळून जाण्याचे काम पुरुषाकडे, यात ते आहे.

योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत हॉवर्ड हॉक्सचे 'ब्रिंगिंग अप बेबी' निघाले. तेथेही हाडांचे सांगाडे जुळविणारा एक विद्वान आपल्या विद्येचे व्रत घेऊन बसलेला, आणि कॅथरिन हेपबर्न एक पाळीव बिबळ्या घेऊन त्याच्या आयुष्यात शिरलेली. अशा चित्रांना तिकडे 'स्क्रूबॉल' म्हणतात. शब्द बेसबॉलचा, अपेक्षेच्या उलट वळणारा चेंडू तो. आपल्याकडील गुगलीचा चुलतभाऊच म्हणाना! १९३४ पासून तेथील चित्रपटांवर नीतिनियमांचा कडक अंमल बसला. शृंगार उघड दाखविण्याची सोय उरली नाही. तेव्हा नायक-नायिकांनी एकमेकांच्या मिठीत पडण्याऐवजी एकमेकांच्या वाक्यांत पडण्यास आरंभ केला.

पण इतकी घाई कशासाठी? आम्हांस वाटते, सावकाश बोलण्याच्या जगात प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. आधी वडील, मग थोरला, मग धाकटा. आणि सून बहुधा स्वयंपाकघरातूनच ऐकणार. जलद बोलण्यात ही पाळीच मोडते. उत्तर ज्याच्या जिभेवर आधी आले, त्याचा मान. हॉक्सने १९४० साली 'हिज गर्ल फ्रायडे' काढले, तेव्हा मूळ नाटकातील बातमीदार पुरुष होता, त्याची त्याने बाई केली. संवादही असे लिहून घेतले, की वाक्याच्या आरंभीचे व शेवटचे शब्द दुसऱ्याच्या बोलण्याखाली बुडाले तरी मधला अर्थ शाबूत राहावा. दोघे एकदम बोलतात, आणि ऐकणाऱ्याचे काहीच सांडत नाही. आमच्या गावी पाणवठ्यावर ही कला कोणी न शिकविता चाले.

आत्याबाईंचे लग्न झाले आणि पाचव्या वर्षी त्या माहेरी परत आल्या. तक्रार एकच: सून तोंडाळ आहे. सासऱ्यांनी पंक्तीत काही म्हटले, त्याला यांनी तिथल्या तिथे उत्तर दिले, आणि पंगत हसली. उत्तर काय होते ते आम्हांस कोणी कधी सांगितले नाही. महिन्याभराने आमचे वडील त्यांना बैलगाडीतून परत पोचवावयास निघाले. आम्ही आठ वर्षांचे, मागे बसलो होतो. वडिलांनी बजावले, "तिथं गेल्यावर कमी बोलायचं." साऱ्या वाटेत आत्याबाईंनी एक शब्द काढला नाही. त्यांना गप्प बसलेले आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले आणि आम्हांस भीती वाटली.

आता वयाच्या ऐंशीत त्या आमच्याकडेच असतात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आम्ही त्यांना संगणकाच्या लहान पडद्यावर 'ब्रह्मचारी' दाखविला. त्या डोळे पुसून पुसून हसल्या. चित्र संपल्यावर मात्र बराच वेळ शांत राहून म्हणाल्या, "आरं, लगीन झाल्यावर बी ही अशीच बोलती का रं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. नाटक असो की बोलपट, पडदा पडतो तो बहुधा अक्षतांच्या आसपास. मग 'हिज गर्ल फ्रायडे'ची आठवण झाली. तेथे तर आरंभीच नवरा-बायकोची काडीमोड झालेली आहे, आणि तरीही दोघांची जीभ थकत नाही. दुसऱ्या रात्री आम्ही तेच लावले. भाषा इंग्रजी; तेव्हा आम्ही मधून मधून थांबवून अर्थ सांगू लागलो. एक वाक्य समजावून होईतो तेथे दहा वाक्ये होऊन जात. तिसऱ्या वेळी थांबविले तेव्हा आत्याबाईंनी आमचा हात बाजूला सारला.

"तू गप बस. ती काय म्हणती ते मला समजतंय."

आम्ही गप्प बसलो. दीड तासात पुन्हा तोंड उघडण्याची आमची छाती झाली नाही.