पंधरा हजारांत एकट्याचा महिना

किमान वेतनाचा हिशेब एकट्या माणसासाठी कधी केलाच गेला नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने जे सूत्र ठरवले, त्यात एका कमावत्यामागे तीन ‘उपभोग घटक’ धरले होते : कमावणारा १, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. दर घटकाला २,७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, औद्योगिक वसाहतीतल्या घराइतके भाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसह किरकोळ गरजांसाठी एकूण रकमेचा वीस टक्के भाग. शिक्षण, औषधपाणी, सणवार यांसाठी आणखी २५ टक्के हवेत, ही भर सर्वोच्च न्यायालयाने रॅपटाकोस ब्रेट खटल्यात घातली. म्हणजे हे वेतन खरोखर मिळाले, तर एकट्याने त्यात ऐसपैस राहायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण धान्याचे तीन वाटे होतात. खोलीचे होत नाहीत.

झाशीचा इलाइट चौराहा हे पडताळायला बरे ठिकाण आहे. सिव्हिल लाइन्सच्या या चौकाभोवती दुकाने, हॉटेले, कार्यालये आहेत आणि त्यांत बारा-पंधरा हजारांवर काम करणारी, बाहेरगावाहून आलेली एकटी माणसे आहेत. उत्तर प्रदेशात अकुशल कामगाराचे किमान वेतन २०२५ मध्ये महिना ११,००० रुपयांच्या आसपास होते. त्यातला महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. ११,००० आणि १५,००० असे दोन पगार घेतले की पुरते.

पहिली गोष्ट, पगार हातात पूर्ण येत नाही. १५,००० मधून भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के, म्हणजे १,८०० आणि कर्मचारी राज्य विम्याचे पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये कापले जातात, उरतात १३,०८७. अकरा हजारांचे ९,५९७ होतात. महाराष्ट्रात यातून व्यवसाय कराचे दोनशे आणखी गेले असते (महिलांना २५,००० पर्यंत तो माफ आहे). उत्तर प्रदेशात हा करच नाही.

भाड्यासाठी सरकारचाच एक आकडा हाताशी आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी झाशी ‘वाय’ वर्गात मोडते. तिथे २०२४ पासून मूळ पगाराच्या वीस टक्के भत्ता मिळतो. सर्वांत खालच्या १८,००० च्या मूळ पगारावर तो ३,६०० येतो. एका खोलीचे भाडे तेवढे धरू. त्यावर वीज. मे-जूनमध्ये झाशीत पारा ४५ अंशांवर जातो आणि कूलर ही चैन राहत नाही. कूलर, पंखा, दिवा आणि मोबाइल मिळून महिन्याला शंभर युनिट सहज होतात. घरगुती दराने त्याचे साडेपाचशे व्हावेत. पण मीटर घरमालकाच्या नावावर असतो आणि भाडेकरूकडून युनिटमागे आठ-दहा रुपये घेण्याची रीत जुनी आहे. वर्षाची सरासरी पाचशे पकडली तर चूक होणार नाही.

अन्नाचा हिशेब मात्र नीट पाहण्यासारखा आहे. सातव्या वेतन आयोगाने वापरलेल्या तक्त्यात माणशी रोज ४७५ ग्रॅम धान्य, ८० ग्रॅम डाळ, ३०० ग्रॅम भाजी, १२० ग्रॅम फळे, २०० मिलिलिटर दूध, ५६ ग्रॅम साखर-गूळ आणि ४० ग्रॅम तेल आहे. मासे-मटण-अंडी सोडली, तर महिन्याचा हा शिधा आजच्या साधारण भावाने दोन हजारांत येतो; गॅस, चहा, मसाला धरून अडीच हजारांत. पण हा कच्चा शिधा झाला. दुकानाचे शटर रात्री नऊला पडते, आणि मग कणीक मळायला उभे राहणे रोज कोणाला जमते? डबा किंवा मेस लावली, तर दोन वेळचे शंभर रुपये आणि सकाळचा चहा-पोह्यांचा खर्च मिळून आकडा साडेचार हजारांवर जातो. सूत्रात गृहिणीचा खर्च धरला होता, पण तिच्या कष्टांची किंमत धरली नव्हती; एकट्याकडून ती दर महिन्याला रोख वसूल होते.

बाकी भराभर : ई-रिक्षाने जाण्या-येण्याचे हजार, मोबाइलचे तीनशे, साबण-केस-इस्त्रीचे पाचशे, कपडे-चपलांचे पाचशे, औषधांचे तीनशे. स्वतः रांधणाऱ्याचा सगळा खर्च ९,२०० होतो, डबा लावणाऱ्याचा ११,२००. पंधरा हजारवाल्याकडे डबा लावूनही १,८८७ रुपये उरतात. अकरा हजारवाला स्वयंपाक करत असेल तर ३९७ उरतात. डब्याचा विचार त्याने करूच नये.

एकटा म्हणजे पाश नसलेला, असे अर्थशास्त्र धरते. गाव धरत नाही. घरी दोन-तीन हजार पाठवायचे असतात आणि तेच नोकरीचे मूळ कारण असते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरचे कर्ज फेडण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले; त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्याला हे प्रकरण ओळखीचे वाटेल. आजच्या कमावत्याला रेशनचा थोडा आधार आहे. पात्र कार्डावरचे माणशी पाच किलो धान्य २०२३ पासून मोफत मिळते आणि ते देशात कुठेही उचलता येते. मात्र त्याने आपला वाटा झाशीत उचलला, की गावच्या घरात तेवढे धान्य कमी येते.

वरचा हिशेब काही न घडणाऱ्या महिन्याचा आहे. खोली घेताना एक-दोन महिन्यांची अनामत, गॅसची जोडणी, कूलर, बादली, गादी हे सगळे पहिला पगार होण्याआधी लागते. म्हणून पहिले वर्ष बहुधा उधारी फेडण्यात जाते. आजारपण त्याहून कठीण. विम्यात असलेल्याला दाखला दिल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन मिळते. पण हा विमा दहा माणसांच्या आस्थापनेपासून पुढे लागू होतो आणि भविष्यनिर्वाह निधी वीस माणसांपासून. चार नोकरांच्या दुकानात अकरा हजार पूर्ण हातात येतात आणि रांधून खाल्ले तर अठराशे उरतात. तापाने आठ खाडे झाले, की सव्वीस दिवसांच्या हिशेबाने ३,३८५ रुपये कापले जातात, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची शिल्लक. डॉक्टरची फी वेगळी.