श्मिटबाईंची वही

'डेडलाइन – यू.एस.ए.' हा रिचर्ड ब्रुक्सचा १९५२ सालचा चित्रपट आम्ही दोघींनी प्रथम पाहिला तो हम्फ्री बोगार्टसाठी. पुढे जेव्हा जेव्हा पाहिला, तेव्हा एका म्हातारीसाठी.

'द डे' हे नामांकित अमेरिकन दैनिक संस्थापकाच्या मुली विकायला निघाल्या आहेत, आणि विकत घेणारा प्रतिस्पर्धी ते बंद करणार हे उघड आहे. (१९३१ साली पुलित्झरच्या वारसांनी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' विकले होते, ते येथे आठवल्यावाचून राहत नाही.) संपादक हचसन, म्हणजे बोगार्ट, उरलेल्या थोड्या दिवसांत रिएन्झी या गुंडाच्या मागे लागतो. नदीत सापडलेल्या एका तरुणीच्या खुनाचा धागाही तिकडेच जातो. शेवटी दूरध्वनीवरून धमकावणाऱ्या रिएन्झीला बोगार्ट छपाईयंत्रांची घरघर ऐकवतो. हा प्रसंग गाजलेला आहे. खरे सांगायचे तर काहीसा नाटकीही.

आम्ही थबकतो त्याआधी, श्रीमती श्मिट कचेरीत येतात तेथे. खून झालेल्या मुलीची ही आई परदेशातून येऊन अमेरिकेत स्थिरावलेली, इंग्रजी अजूनही अडखळत बोलणारी. मुलीची रोजनिशी पोलिसांकडे न नेता ती 'द डे'कडे आणते. या देशात लिहा-वाचायला ती याच पत्रातून शिकली. पोलीस तिच्या ओळखीचे नाहीत, हे वर्तमानपत्र आहे. ज्या पत्रावर तिने एवढा विश्वास टाकला ते विकले जाते आहे, आणि विक्रीला न्यायालयाची संमतीही मिळते. रोजनिशी छापून येते ती शेवटच्या अंकात.

आमच्यापैकी एकीच्या आईची शाळा चौथीत सुटली. पुढचे वाचन तिने किराण्याच्या पुड्यांवर केले. दोरा सोडवायचा, साखर डब्यात ओतायची, कागद तळहाताने सपाट करायचा आणि अर्धवट बातमी ओठांतल्या ओठांत वाचायची. छापलेले खोटे असेल, हे तिला अखेरपर्यंत पटले नाही.

आम्ही वर्गात 'वृत्तपत्रीय मराठी' शिकवतो. मुलांना कात्रणे आणायला सांगतो आणि लाल शाईने चुका दाखवतो. चुकांना तोटा नसतो. मागे एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, पेपर चुका शोधायलाच वाचायचा का?" आम्हांला उत्तर सुचले नाही. पुढच्या तासाला वर्गाला श्मिटबाईंचा प्रसंग दाखवला.

तिने तो लक्षपूर्वक पाहिला. मग म्हणाली, "पण पेपर बंदच पडला ना?"

पडला, असे आम्ही सांगितले.