इस्पितळांतील सोवळें

गेल्या श्रावणांत आमच्या मातोश्रींच्या पायाची जखम चिघळली आणि त्यांच्या शुश्रूषेसाठीं आम्हांस घोडबंदर रोडवरील एका इस्पितळांत ११ दिवस मुक्काम करावा लागला. एकीकडे येऊरचे डोंगर, दुसरीकडे खाडी आणि मधून अहोरात्र धांवणाऱ्या मालमोटारी. वाचन होईना, झोंप लागेना.

पहिल्याच दिवशीं फजिती झाली. जखमेवरून निघालेला कापूस आम्हीं मोठ्या तत्परतेनें कोपऱ्यांतील निळ्या डब्यांत टाकला, तों केर काढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काका, निळ्यांत काच जाते. रक्त-पू लागलेलं पिवळ्यांत." आमच्या दोन पदव्यांचा तेथें कांहींच उपयोग झाला नव्हता.

मग त्यांनींच आम्हांस सर्व शिकविलें. सलाइनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे तांबड्यांत; सुया व पातीं पांढऱ्या, टोंक आरपार न जाणाऱ्या डब्यांत. पिवळ्यांतील बहुतेक जिन्नस भट्टींत जळतात. तांबड्यांतील प्लास्टिक वाफेनें निर्जंतुक करून, त्याचे तुकडे करून पुनर्वापरास पाठवितात. या कचऱ्याचे नियम आपल्या देशांत प्रथम १९९८ सालीं झाले व २०१६ सालीं नव्यानें आले. ४८ तासांहून अधिक काळ तो तसाच सांठवूं नये असाही दंडक आहे. नळ्या कापून कां टाकावयाच्या, असें आम्हीं विचारलें. "धुऊन परत कुणी विकूं नये म्हणून." हें उत्तर ऐकून आम्हांस गुजरातेंतील मोडासा गांव आठवलें. तेथें २००९ सालीं वापरलेल्या सिरिंजा पुन्हां वापरल्यामुळें हिपॅटायटिस बी या काविळीची साथ पसरून कित्येक माणसें दगावलीं होतीं.

दुसऱ्या दिवशीं एक तरुण डॉक्टर इंजेक्शन देऊन सुई कापसाच्या तबकांतच टाकून निघून गेले. मावशींनीं ती चिमट्यानें वेंचून काढली. "मला एकदां टोचली होती," त्या सहज म्हणाल्या. "सहा महिने रक्त तपासत होते. तेव्हांपासून रंग पाठ झाले." रोग्याच्या रक्तांत हिपॅटायटिस बी असेल आणि टोचलेल्या माणसानें लस घेतलेली नसेल, तर १०० पैकीं ३० जणांपर्यंत बाधा होऊं शकते, एच.आय.व्ही.चें प्रमाण १००० त सुमारें ३. ही लस कर्मचाऱ्यांस देणें नियमानेंच बंधनकारक आहे. मावशींस ती मिळाली सुई टोचल्यानंतर!

खाटेवरून मातोश्री हंसल्या. "म्हणजे हें तुमचं सोवळंच कीं!"

आम्हीही हंसलों, पण रात्रीं तें वाक्य कांहीं डोक्यांतून जाईना. आमच्या घरचें सोवळें दुसऱ्याचा स्पर्श आपणांस होऊं नये म्हणून पाळलेलें. हें सोवळें आपली घाण उचलणाऱ्यास बाधूं नये म्हणून आहे. आणि मातोश्रींस ८ वर्षें इन्शुलिन टोचणाऱ्या आमच्या घरांतील सुया जात होत्या त्या दुधाच्या रिकाम्या पिशवींतून स्वयंपाकघराच्या बादलींत! गेल्या दिवाळींत आमच्या घरीं काम करणाऱ्या बाईंचें बोट रक्ताळलें होतें. सौ.नीं हळद लावली; आम्हीं वर्तमानपत्रांतून डोकेंही वर केलें नाहीं. कशानें टोचलें, हें कोणींच विचारलें नव्हतें.

घरीं येतांच विचारलें. त्या म्हणाल्या, "आईंच्या सुईनं. नेहमीं टोचतात, सांगून काय करायचं?"

मातोश्रींस तसा कोणताही रोग नाहीं, हें आमचें दैव. यांत शहाणपण कसलें? आतां कपाटावर जाड प्लास्टिकची एक बरणी आहे. धाकट्या पुतणीनें तिच्यावर तांबड्या शाईनें 'सुया' असें लिहिलें आहे. भरली म्हणजे ती आम्ही स्वतः आमच्या नेहमींच्या डॉक्टरांकडे पोंचवितों. त्यांच्या पांढऱ्या डब्याबरोबर ती रवाना होते. बरणी प्रथम ठेवली त्या दिवशीं बाईंनीं ती हातांत घेऊन हालवून पाहिली, झांकण ओढून पाहिलें, आणि मगच बादली उचलली.