साइटची भाषा: मराठी

सोसायटीत आयटीवाला म्हणून ओळख झाली की प्रिंटरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं आपल्याच खात्यात जमा होतं. तुम्ही जावामध्ये काम करता की टेस्टिंगमध्ये, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. तर मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकांची वेबसाइट माझ्याकडे आली.

आळंदीहून पुण्याला जाणारी माउलींची पालखी आमच्या विश्रांतवाडीतून जाते. काकांचं मंडळ दरवर्षी वारकऱ्यांना चहा-नाश्ता देतं. वर्गणी आणि खर्च सगळ्यांना दिसावा म्हणून कोणीतरी वर्डप्रेसवर साइट करून दिलेली. मजकूर मराठीत, पण आतला कारभार सगळा इंग्रजीत! त्यामुळे काका हिशोब वहीत लिहायचे आणि त्यांचा पुतण्या तो साइटवर चढवायचा. पुतण्या बंगलोरला गेला आणि हिशोब वहीतच राहिला. मग मंडळात कुजबुज, "यंदाचा हिशोब का दिसत नाही?" आयुष्यभर पै-पैचा चोख हिशोब ठेवणाऱ्या माणसाला हे केवढं लागलं असेल...

"अरे, मराठी टायपिंग येतं मला, मोबाइलवर रोज करतो. पण कुठलं बटण दाबलं की सगळं पुसलं जाईल, तेच कळत नाही," काका म्हणाले.

उपाय दोन मिनिटांचा. सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे साइटची भाषा मराठी निवडायची आणि सेव्ह. पूर्वी यासाठी भाषांतराची फाइल सर्व्हरवर टाकून कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ बदलावी लागायची. 2014 पासून भाषा थेट सेटिंग्जमधून निवडता येते. आणि डिसेंबर 2016 च्या 4.7 आवृत्तीपासून प्रत्येकाला आपल्या प्रोफाइलमध्ये स्वतःची भाषा ठेवता येते. म्हणजे काकांना मराठी, मला इंग्रजी, साइट एकच. (हो, मला इंग्रजीच लागतं. एरर मराठीत आला तर गूगलवर शोधू काय?)

आणखी एक फायदा. पानाच्या पोटातही भाषेची खूण असते. ती इंग्रजी राहिली तर दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचायला जाऊ शकतं. साइटची भाषा बदलली की ती खूणही बदलते.

आता गोची. मजकुराचं भाषांतर यात होत नाही, फक्त बटणं आणि सूचना बदलतात. थीम आणि प्लगइनची भाषांतरं वेगळी असतात आणि जे भाषांतरित झालेलं नाही ते गुपचूप इंग्रजीतच दिसतं. काकांचं फोटो गॅलरीचं प्लगइन तसंच राहिलं. त्यातल्या पाच शब्दांचे अर्थ मी कागदावर लिहून दिले.

आणि मराठी व्याकरण तर सॉफ्टवेअरचा घामच काढतं. वाक्यात रिकामी जागा ठेवून तिथे नाव भरायचं, ही प्रोग्रामरची सवय. इंग्रजीत नाव जसंच्या तसं बसतं. मराठीत मात्र 'पुणे'चं 'पुण्यात' होतं, 'आळंदी'चं 'आळंदीत'. सामान्यरूप कोडला कोण शिकवणार? मग 'पुणे मध्ये' असं काहीतरी येतं आणि आपण भाषांतर करणाऱ्यांना हसतो. ते बिचारे बहुतेक स्वयंसेवक, फावल्या वेळात एकेक ओळ मराठीत आणणारे.

काकांना त्या व्याकरणाचं काही वाटलं नाही. "हे 'प्रकाशित करा' दाबलं की सगळ्यांना दिसणार ना?" एवढंच विचारलं आणि दाबलं. यंदाचा हिशोब, पावत्यांच्या फोटोंसकट. दुसऱ्या दिवशी एक आकडा चुकल्याचं त्यांच्याच लक्षात आलं आणि तो त्यांनीच दुरुस्त केला. मला फोनसुद्धा नाही!

मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण आपल्या घरात किती जण निव्वळ बटणावरचा शब्द कळत नाही म्हणून मुलांची, पुतण्यांची वाट बघत बसतात? मंडळी, या वीकएंडला एकदा विचारून बघा. दोन मिनिटांचंच काम आहे.