बारा सेंटीमीटरची वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात, हे आता मराठी माणसालाही सांगावं लागतं. 'वॅगन'ची 'वाघीण' ज्या कुणी केली त्याला माझा साष्टांग नमस्कार! कारण गेली बावीस वर्षं मी तळघरात वाघिणी पाळतो, आणि पाहुण्यांना असं सांगितलं की निदान पाच मिनिटं तरी ते ऐकून घेतात.

तर मंडळी, माझ्या वाघिणी म्हणजे जुन्या अमेरिकन रेल्वेच्या टाकीवाल्या वॅगनच्या प्रतिकृती. प्रमाण १:८७. इथे या मापाला 'एचओ' म्हणतात. छत्तीसेक फुटांची खरी वाघीण माझ्या टेबलावर बारा-साडेबारा सेंटीमीटरची होते.

"आगगाडीच करायची तर इंजिनं का नाही करत?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झाला आहे. बरोबरच आहे. इंजिनाला तोंडवळा असतो, रुबाब असतो, शिट्टी असते. टाकीला काय आहे? आडवं केलेलं काळं पिंप. भरलेली असो की रिकामी, दिसायला सारखीच. मी तरी का घेतली पहिली टाकी? तर तो किट दुकानात सगळ्यात स्वस्त होता म्हणून. पण एकदा वस्तू हातात आली की तिची चौकशी करायची खोड जुनी आहे.

आमच्या घरापासून उत्तरेला दोन-अडीच तासांवर टायटसव्हिल नावाचं छोटं गाव आहे. पेनसिल्व्हेनियातल्या याच गावाजवळ २७ ऑगस्ट १८५९ला एडविन ड्रेकच्या विहिरीला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं आणि त्या खोऱ्यात झुंबड उडाली. तेल निघालं खरं, पण न्यायचं कसं? लाकडी पिंपांत भरून, घोडागाड्यांवर लादून, गुडघाभर चिखलातून. पिंपं गळायची, आणि कधीकधी तर पिंप आतल्या तेलापेक्षा महाग पडायचं!

१८६५ साली जेम्स आणि एमॉस डेन्समोर या भावांनी त्यावर तोड काढली. रेल्वेच्या सपाट वाघिणीवर लाकडी फळ्यांच्या दोन मोठ्या उभ्या टाक्या बसवल्या. एकेका टाकीत ४० ते ४५ पिंपं तेल मावायचं. त्या सप्टेंबरमध्ये मिलर फार्म नावाच्या ठिकाणाहून न्यूयॉर्कला पहिला प्रयोगाचा माल गेला. ती वाघीण चित्रात पाहिली तर हसू येतं. गाड्यावर दोन रांजण ठेवल्यासारखी दिसते. चार वर्षांत, १८६९पर्यंत आडव्या टाक्या आल्या आणि रांजण मागे पडले. पिंप मात्र मोजमापात टिकून राहिलं. तेल पिंपातून जायचं कधीच थांबलं, पण भाव अजूनही बॅरललाच सांगतात. एक बॅरल म्हणजे ४२ गॅलन, साधारण १५९ लिटर.

गंमत पुढेच आहे. यातल्या जेम्स डेन्समोरने नंतर शोल्स नावाच्या माणसाच्या टाइपरायटरमध्ये पैसे घातले आणि ते यंत्र बाजारात येईपर्यंत त्याचा पिच्छा सोडला नाही. आज कीबोर्डवर क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय ही जी ओळ आहे ती त्या यंत्राची देणगी. मी हे मराठी त्याच कीबोर्डवर टंकतो आहे. म्हणजे टँक आणि टंकन, दोन्ही एकाच घरातले. (हा विनोद घरात तीनदा करून झाला आहे. चौथ्यांदा करायला बंदी आहे, म्हणून इथे.)

असो. टेबलाकडे येऊ.

जुन्या टाकीच्या पाठीवर मधोमध एक उंचवटा असतो, टोपी घातल्यासारखा. त्याला डोम म्हणतात. आधी मला तो शोभेचा वाटायचा. पण तेल उन्हाने फुगतं. तापमान वीस अंशांनी वाढलं तर पेट्रोल साधारण दोन टक्के वाढतं. दहा हजार गॅलनच्या टाकीत म्हणजे दोनशे गॅलन, साडेसातशे लिटर! त्याला जायला जागा नसेल तर ते टाकीचे सांधे फोडून बाहेर येणार. म्हणून डोम. फुगलेलं तेल तिथे चढतं, आणि माणसाला आत उतरायचं झाकण आणि जास्तीचा दाब सोडणारी झडपही बहुधा तिथेच असते.

टाकीच्या भोवतीचा कठडा, टोकाच्या शिड्या, हाताने धरायच्या कड्या यांचंही तेच. धावत्या मालगाडीवर चढउतर करणारे, दोन डब्यांच्या मध्ये शिरून जोडणी करणारे कामगार एके काळी इथे फार मेले, फार जायबंदी झाले. १८९३मध्ये आणि पुढे १९१०मध्ये कायदे झाले, तेव्हा कुठे आपोआप जुळणारी जोडणी, हवेचे ब्रेक, कड्या, शिड्या सक्तीच्या झाल्या. मी ही कडी ०.३ मिलिमीटरच्या तारेची करतो. तिच्यासाठी ०.३४ मिलिमीटरचं भोक हाताने पाडायचं, तार चिमट्याने वाकवायची, गोंदाचा अर्धा थेंब. एक कडी बसवायला दहा मिनिटं. तार टिचकन उडाली तर ती शोधायला अर्धा तास वेगळा. आमच्या सौ. विचारतात, "खालच्या अंगाच्या कड्या कोण बघणार आहे?" कोणीच नाही. पण खऱ्या वाघिणीवर ती कडी होती आणि तिला कुणीतरी लोंबकळलेलं होतं. ती गाळवत नाही.

आमच्या छंदात आणखी एक पद्धत आहे. प्रत्येक वाघिणीची एक छोटी चिठ्ठी करायची. माल काय, कुठून निघाला, कुणाकडे चालला. खऱ्या रेल्वेत माल पाठवताना बिल्टी करतात ना, तशी. चिठ्ठी पाहून गाडी हलवायची. टाक्यांच्या बाबतीत तर भरलेली आणि रिकामी यांतला फरक फक्त त्या चिठ्ठीत असतो.

माझ्या बऱ्याच चिठ्ठ्या १९४२च्या आहेत. त्याआधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जवळजवळ सगळं तेल समुद्रातून जहाजांनी यायचं. त्या वर्षी जर्मन पाणबुड्यांनी ती जहाजं बुडवायला सुरुवात केली, आणि हा भार रेल्वेवर आला. जुन्या, भंगारात निघायच्या टाक्यासुद्धा बाहेर काढल्या. त्याच वर्षात रेल्वे दिवसाला आठ लाख बॅरलच्या वर तेल वाहू लागली. मी कागदावर भागाकार करून पाहिला. रोज साडेतीन ते चार हजार टाक्या रिकाम्या व्हायला हव्यात, आणि तितक्याच भरायला परत जायला हव्यात. १९४३मध्ये टेक्सासहून २४ इंची पाइपलाइन आली तेव्हा हा ताण उतरायला लागला.

आणि एक चिठ्ठी मी कधी करणार नाही, तीही सांगतो. ६ जुलै २०१३च्या रात्री कॅनडातल्या लॅक-मेगँटिक गावाबाहेर उभी केलेली ७२ टाक्यांची गाडी ब्रेक अपुरे पडल्याने उतारावरून आपोआप निघाली आणि गावाच्या मध्यावर घसरली. आत कच्चं तेल होतं. ४७ माणसं गेली. त्यानंतर २०१५मध्ये जाड पत्र्याच्या, टोकांना ढाली बसवलेल्या नव्या टाक्यांचे नियम आले. ती बातमी वाचल्यावर बरेच दिवस मी तळघरात उतरलो नव्हतो. ज्या वस्तूचे रिव्हेट मी भिंगातून मोजत होतो, तिच्या पोटात काय असतं ते मी चिठ्ठीवर सहज लिहून मोकळा होत होतो.

मग २०१६ आलं.

मी मूळचा मिरजेचा, आणि माझी थोरली बहीण लातूरला दिलेली. मिरज ते लातूर पूर्वी बार्शी लाइटची नॅरोगेज होती. ताई लग्नानंतर माहेरी त्याच गाडीने यायची. या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत तो मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. आणि २०१६च्या दुष्काळात लातूरचं पाणी जेव्हा पार आटलं, तेव्हा त्याच मार्गाने मिरजेहून पाण्याची गाडी सोडायचं ठरलं.

ताईचा फोन आला. "अरे, तुझ्या त्या रॉकेलच्या टाक्यांतून आम्हांला पाणी येणार म्हणे. वास नाही ना यायचा?"

बावीस वर्षांत मला माझ्या छंदाबद्दल विचारलेला हा एकच खरा प्रश्न. मी तिला जे ठाऊक होतं ते सांगितलं. टाक्या राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन काढल्या आहेत. वाफेने आतला तेलाचा थर सुटतो. शिवाय पाणी लातुरात उतरल्यावर शुद्ध करूनच गावात सोडतील.

"तू म्हणतोस ना? मग पिते," ती म्हणाली. मला घाम फुटला.

११ एप्रिलला गाडी मिरजेहून निघाली आणि १२च्या पहाटे लातूरला पोचली. अंतर साधारण ३४० किलोमीटर. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास वाघिणींच्या, पंचवीस लाख लिटरच्या गाड्या झाल्या. पावसाळा येईपर्यंत, नव्हे त्यानंतरही काही दिवस, त्या चालू होत्या. ताईला वास आला नाही. बादली दोनदा हुंगली होती म्हणे.

त्या गाडीतली एक वाघीण मी केली आहे. किट मिळत नाही, म्हणून प्लॅस्टिकची नळी आणि पत्रे कापून. आपलं ब्रॉडगेज १:८७मध्ये १९.२६ मिलिमीटर येतं आणि माझे रूळ साडेसोळाचे. पावणेतीन मिलिमीटरचा फरक. जाणकार नावं ठेवतील, पण चाकं मी मुद्दाम साडेसोळाचीच बसवली. ती कपाटात ठेवायची नव्हती, बाकीच्यांबरोबर पळवायची होती.

चिठ्ठी अशी आहे. माल : पाणी. कुठून : मिरज. कुणाकडे : इथे मी ताईचं नाव लिहिलं आणि फोटो पाठवला.

लगेच फोन. "माझं एकटीचं नाव काय घालतोस? एकटी थोडीच पीत होते? गल्लीचं घाल."

खोडून गल्लीचं घातलं आहे.