पाहणाराचा दोष

गुढीपाडव्याच्या सुमारास मंचरहून घोड नदी ओलांडून नारायणगांवीं जाण्याचा योग आम्हांस अनेकदां आला आहे. जुन्नर तालुक्यांतील हें गांव तमाशाची पंढरी म्हणून प्रसिद्ध आहे. या दिवसांत तेथें फडांच्या राहुट्या लागतात, आणि जुन्नर-आंबेगांवचेच नव्हे, तर दूरदूरच्या गांवांचे कारभारी आपापल्या यात्रेची सुपारी देण्यास येतात. तारीख ठरते, रक्कम ठरते, इसार दिला जातो. हे कारभारी बहुधा संसारी व देवभोळे गृहस्थ असतात. परंतु राहुटीबाहेर पडतांच त्यांपैकीं कित्येकांच्या तोंडून नाचणाऱ्या बायांविषयीं जे उद्गार निघतात, ते येथें लिहिण्याजोगे नाहींत.

पण दुसऱ्यांचें कशास सांगावें? तरुणपणीं आंबेगांव तालुक्यांतील एका यात्रेंत आम्ही रात्रभर तमाशाच्या तंबूंत बसलों होतों. आमची दृष्टि कलेवर नव्हती, हें आम्हांस तेव्हांही ठाऊक होतें. पहाटे घरीं परतल्यावर कीर्तनास बसल्याची थाप मारली. आणि दोन दिवसांनीं खरा प्रकार उघडकीस आला, तेव्हां सारें खापर त्या नाचणारणीच्या माथीं फोडलें. "त्या बायकाच तशा," असें आम्ही बोलून गेलों. त्यावर आमच्या कुटुंबानें शांतपणें विचारलें, "अहो, त्यांनीं आपलें काम केलें. तुम्ही काय केलेंत?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पुष्कळ वर्षांनीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. एकोणिसाव्या शतकांत चर्च मिशनरी सोसायटीनें जुन्नरास आपलें ठाणें केलें होतें. तेव्हां ख्रिस्ती शुभवर्तमान या मुलखास नवें नव्हे. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाहीं. तरी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पांचवा अध्याय वाचतांना आम्ही थबकलों. परस्त्रीकडे अभिलाषेनें पाहणारा पुरुष मनांत व्यभिचार करून चुकलाच, असा येशूच्या तेथील उपदेशाचा आशय आहे. मूळ ग्रीक शब्दांत अभिलाषा धरण्याच्या हेतूनें पाहणें, असा अर्थ निघतो. म्हणजे सौंदर्य नजरेस पडणें हा अपराध नव्हे. नजर मुद्दाम रोवून माणसाची वस्तु करणें हा अपराध होय. आणि त्यावरील उपाय तर अधिकच विचार करण्याजोगा आहे. डोळा पापास प्रवृत्त करीत असेल तर तो उपटून टाकावा, ही अतिशयोक्ति खरी. पण उपटावयाचा तो आपला डोळा! स्त्रीनें दृष्टीआड व्हावें, असें तेथें एका शब्दानेंही सांगितलेलें नाहीं.

योहानाच्या शुभवर्तमानांत व्यभिचारांत धरलेल्या एका स्त्रीस लोक येशूपुढें आणून उभी करतात. मोशेच्या नियमशास्त्रानें दंड दोघांसही सांगितला असतां, पुरुष मात्र त्या गर्दींत कोठेंच दिसत नाहीं. आमच्यासारखाच तोही घरीं जाऊन एखादी थाप मारीत बसला असावा.

ख्रिस्ती समाजास तरी ही शिकवण पूर्णपणें पचली काय? विवाहविधींत वधू व वर एकनिष्ठतेचें सारखेंच वचन देतात. परंतु हिंदुस्थानांतील ख्रिस्ती लोकांसाठीं झालेल्या १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यानें पतीस पत्नीचा केवळ व्यभिचार पुरेसा मानला. पत्नीस मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, दोन वर्षांचा परित्याग, असें आणखी कांहीं सिद्ध करावें लागे. ही विषमता २००१ सालीं दूर झाली. वचन सारखें आणि हिशेब निराळा, असा व्यवहार शंभरांहून अधिक वर्षें चालला. मग आमच्या गांवच्या पारावर तोच न्याय चालावा, यांत नवल काय?

नारायणगांवच्या विठाबाई २००२ सालीं वारल्या. आज त्यांच्या नांवानें शासन पुरस्कार देतें. कलेस मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पाहणाराच्या नजरेस वळण लावणें मात्र कोणत्याही शासनाच्या हातचें नाहीं. तें ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.

यंदा पाडव्यास आम्हीं कुटुंबासही बरोबर नेलें. एका राहुटीपुढें त्या एका वयस्क कलावतीशीं गांवाच्या, मुलाबाळांच्या गोष्टी करीत बराच वेळ बसल्या. निघतांना आम्हीं त्या बाईंस त्यांचें नांव विचारलें. इतक्या वर्षांत तेथील एकीचेंही नांव आम्हीं कधीं विचारलें नव्हतें, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें.