शब्द कुठे ठेवायचे?

खारीतल्या घरी बसून मी उर्दू-मराठी शब्दांचं छोटं वेब अ‍ॅप पायथनमध्ये बनवलं. क्लाउडवर चढवणं सोपं निघालं: लायब्रऱ्यांची यादी दिली, सुरू करायची आज्ञा लिहिली, गिटने कोड पाठवला. सर्व्हर प्लॅटफॉर्मने सांभाळला. मुलांनी दादी-नानीला विचारून शब्द भरले.

दुसऱ्या दिवशी यादी कोरी!

वापर नसला की मोफतचं अ‍ॅप झोपतं. उठताना कोडची ताजी प्रत उघडते; मधल्या काळात फाइलीत लिहिलेलं पुसलं जातं. हे मी आधी वाचलंच नव्हतं. आता शब्द वेगळ्या डेटाबेसमध्ये आहेत आणि त्याचा पासवर्ड कोडबाहेर, सेटिंगमध्ये.

मुलांनी पुन्हा घरी विचारलं. एकीची नानी तोवर गावी परतली होती. तिची ओळ अजून रिकामी आहे. नवशिक्यांनो, डेटाबेस आधी जोडा.